दोन हजार नऊशे नव्व्याण्णव फक्त

मागील पावसाळ्याच्या अखेरीस मला नवीन बुटांची गरज निर्माण झाली. गरज निर्माण होण्याची कारणे दोन होती. पहिले, जुन्या उजव्या बुटाचा तळ पुढच्या बाजूने उघडला होता व चालताना त्यातून टाळीसारखा आवाज येत असे. दुसरे, मी आमच्या इमारतीच्या व्यवस्थापन समितीचा मानद सचिव आहे, आणि टाळ्या वाजवीत जिना चढणारा सचिव येताना कळला की थकबाकीदार रहिवासी दिवे घालवून बसतात. सबब बूट घेणे हे सार्वजनिक हिताचे होते.

बुटांचे दुकान आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून आहे. ते माझ्या पत्नीच्या थोरल्या भावाचे. आमची मुलगी त्यांना मामा म्हणे. तिचे ऐकून समोरच्या दारातली मुले मामा म्हणू लागली, मुलांचे ऐकून त्यांचे आईबाप, आणि आता बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले मॅनेजरसाहेबदेखील त्यांना मामाच म्हणतात. चार मजल्यांना मिळून एकच मामा असला की त्याला काय काय सोसावे लागते, ते पुढे येईलच.

मामांचे धंद्याचे नियम दोनच. पहिला, पाऊल संध्याकाळी मोजायचे, दोन्ही मोजायची, आणि गिऱ्हाइकाला उभे करून मोजायची. "बसलेल्या माणसाचं पाऊल खोटं बोलतं," ते म्हणत. "अंगाचं वजन पडलं की खरं माप कळतं." दुसरा नियम किमतीचा. प्रत्येक जोडाखाली एक पांढरे कार्ड, त्यावर मामांच्या ठसठशीत अक्षरात एकच आकडा, सर्व कर धरून. खिशातून तेवढे काढायचे, बूट घ्यायचे, घरी जायचे. कोणी "काही कमी-जास्त?" म्हटले तर मामा उत्तर देत, "कमी करता येत नाही आणि जास्त करायची इच्छा नाही."

मी पाहिलेल्या तपकिरी जोडाखालच्या कार्डावर चार हजार दोनशे लिहिले होते.

मामांनी मला लाकडी पट्टीवर उभे केले. माझा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लांब आहे हे त्यांना पंधरा वर्षांपासून माहीत होते, तरी त्यांनी दोन्ही पुन्हा मोजले, चार जोड काढले, प्रत्येक जोड घालून मला दुकानभर चालवले आणि शेवटी एका चिठ्ठीवर माप लिहून दिले. मी म्हणालो, "विचार करतो." मामा म्हणाले, "करा की, घाई कुठाय," आणि खोके आवरू लागले. मी बाकावर बसून विचार करू लागलो. विचार मी फोनवर करतो.

फोनवर सातासमुद्रापलीकडचे एक दुकान उघडले, तर तोच बूट. तोच रंग, तोच तळ, तीच शिवण. किंमत दोन हजार नऊशे नव्व्याण्णव. आकड्याच्या डोक्यावर एक छोटासा तारा होता. मला वाटले, दर्जाचा असेल. मामांनी दिलेली चिठ्ठी मांडीवर ठेवून मी माप भरले. मामांनी खोक्यांच्या आडून विचारले, "घरी सगळं ठीक ना, भावोजी?" "उत्तम," असे म्हणून मी बटण दाबले.

बूट येण्यास अठरा दिवस लागले. या अठरा दिवसांत मी ही बातमी मॅनेजरसाहेबांना एकदा, दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाईंना दोनदा आणि जिन्यात भेटेल त्याला सांगितली. दोन हजार नऊशे नव्व्याण्णव! इथे चार हजार दोनशे घेतात! अर्थात मामांचे नाव मी घेतले नाही. नाते जपावे लागते.

एकोणिसाव्या दिवशी पार्सलवाला आला. त्याच्या एका हातात खोके होते आणि दुसऱ्या हातात पाकीट. खोके देण्यापूर्वी त्याने पाकीट दिले.

"हे काय?"

"कर, साहेब."

"मी पैसे भरलेत."

"बुटाचे भरलेत. हे बाकीचे."

बाकीचे पुढीलप्रमाणे होते: आयातशुल्क नऊशे. बूट अधिक आयातशुल्क यांच्या बेरजेवर कर, सातशे दोन. खोक्यात खरोखर बूटच आहेत याची खात्री करून घेण्याचे शुल्क, अडीचशे. वरील रकमा माझ्या वतीने भरण्याची तसदी घेतल्याबद्दल सेवाशुल्क, तीनशे. आणि या तसदीवर कर, चोपन्न. मी ताबडतोब त्या परदेशी दुकानाचे पान पुन्हा उघडून ताऱ्याचा पाठलाग केला. पानाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दुसरा तारा सापडला. त्याच्यापुढे लिहिले होते की किंमत करवगळून आहे, व कर, शुल्के, इतर देणी ग्राहकाच्या सुदैवाने जी काही असतील ती ग्राहकाची. 'सुदैवाने' हा शब्द त्यात नसेलही. मला तसे आठवते.

एकूण दोन हजार दोनशे सहा मोजल्यावर खोके ताब्यात आले. म्हणजे बूट पाच हजार दोनशे पाचला पडला. मामांच्या बुटापेक्षा एक हजार पाचने महाग, अठरा दिवस उशिरा, आणि वर हात दाखवून अवलक्षण झाले ते वेगळेच.

त्याच क्षणी जिन्यात काठीचा आवाज झाला आणि मॅनेजरसाहेब अवतरले.

"काय सचिव, आले वाटतं! अरे वा. केवढ्याला पडले?"

हा प्रश्न आपल्याकडे प्रश्न नसतो. नमस्काराच्या पुढची ती पायरी असते. मी पाकीट खिशात सरकवले आणि म्हणालो, "दोन हजार नऊशे नव्व्याण्णव."

तांत्रिकदृष्ट्या हे असत्य नव्हते. बूट तेवढ्याचेच होते. उरलेले पैसे बुटांचे नव्हते, करांचे होते. ज्या पद्धतीने मला किंमत सांगण्यात आली होती त्याच पद्धतीने मी ती पुढे सांगितली. मी फक्त करवगळून बोललो.

मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी मामांकडे जाऊन पाय मोजून घेतले, "विचार करतो" म्हणाले आणि तोच जोड परदेशातून मागवला. मी त्यांच्या बुटांची वाट माझ्या बुटांपेक्षा अधिक उत्कंठेने पाहिली, हे कबूल करतो. माणूस खड्ड्यात पडला की त्याला सोबत हवीशी वाटते. बूट आले. मी मुद्दाम जिन्यात त्यांना गाठले.

"केवढ्याला पडले, साहेब?"

त्यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगितले, "दोन हजार नऊशे नव्व्याण्णव. फक्त."

माझे जेवणावरचे लक्ष उडाले. म्हणजे त्यांना पाकीट आलेच नाही? अडतीस वर्षे बँकेत काढलेला माणूस. त्याला काहीतरी खुबी ठाऊक असणार. कुठेतरी एखादी चौकट असणार, तिच्यात खूण केली की कर लागत नसेल, आणि ती एकट्या माझ्याच नजरेतून सुटली असेल. पुढे डॉक्टरबाईंनी मागवले. दोन हजार नऊशे नव्व्याण्णव. चौथ्या मजल्यावरच्या तिन्ही घरांनी मागवले. दोन हजार नऊशे नव्व्याण्णव, सगळ्यांना! सबंध इमारतीत मी एकटाच गाढव ठरत होतो. ती चौकट शोधण्याच्या एकमेव हेतूने मी दुसरा जोड मागवला आणि प्रत्येक पान तीन-तीनदा वाचून पुढे गेलो. चौकट नव्हती. पाकीट मात्र आले. दोन हजार दोनशे सहा.

या वेळी मी खबरदारी म्हणून पार्सलवाल्याला जिन्याखालच्या वीजमीटरच्या खोलीत बोलावले होते. पैसे मोजून घेताना तो म्हणाला, "साहेब, राग येणार नसेल तर एक विचारू? या इमारतीत मला कुणी दारात का घेत नाही? मॅनेजरसाहेब गच्चीवर टाकीपाशी बोलावतात. डॉक्टरबाई पेशंटला आ करून बसवतात आणि मागच्या दारानं येतात. तुम्ही हे असे मीटरच्या खोलीत."

"म्हणजे त्यांनाही पाकीट असतं?"

"दुसऱ्याच्या पाकिटाचं बोलायची आम्हाला परवानगी नाही. तुमचंही मी कुठं बोललो नाही."

मी त्याला चहासाठी वर थोडे दिले. सगळेच देत असावेत. त्याची नवी सायकल मी पाहिली होती.

आता मला सगळे कळले होते, आणि माझा असा अंदाज आहे की तोपर्यंत सगळ्यांनाच सगळे कळले होते. पण कळणे वेगळे आणि बोलणे वेगळे. पहिला कोण बोलणार? जो पहिला बोलेल तो त्या क्षणापुरता तरी इमारतीतला एकमेव मूर्ख ठरेल, कारण उरलेले काय करतील याचा भरवसा नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. आमच्या इमारतीत तर ती दोन हजार नऊशे नव्व्याण्णवची होती आणि प्रत्येक जण ती आवळून धरून होता. अळीमिळी गुपचिळी.

या काळात मामांचे दुकान पूर्वीपेक्षा जास्त गजबजलेले असे. संध्याकाळी बाकावर जागा मिळत नसे. लोक रांगेने पट्टीवर उभे राहून मापे घेत आणि चिठ्ठ्या घेऊन जात. काही लोक आलेले बूट घेऊन येत, कारण परदेशी बूट टाचेला चावत होते. मामा ते लाकडी फर्म्यावर चढवून रात्रभर ठेवत आणि सकाळी सैल करून देत. पैसे घेत नसत. "माप मीच दिलं होतं ना," म्हणत. माझेही दोन्ही जोड त्यांनी सैल करून दिले. विक्री तेवढी बंद होती. आठ आठवड्यांत तीन जोड गेले, त्यांतला एक माझ्या पत्नीने घेतला.

माझी पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे. दिवसाचे नऊ तास ती उभी असते आणि मामांनी दिलेल्या बुटांशिवाय तिच्या पायात आजवर काही गेलेले नाही. एके दिवशी कपाटातले खोके काढताना तिला आतल्या कागदाखाली दडवलेली पावती सापडली. तिने ती वाचली, घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवली.

"अहो, हे काय?"

"कर."

"आणि सगळ्यांना काय सांगत फिरता?"

"करवगळून सांगतो."

तिने पावती उचलून आपल्या पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "दादाला दुकानाचं भाडं निघत नाहीये. फेब्रुवारीत बंद करायचं म्हणतोय. बत्तीस वर्षांचं दुकान आहे हो. त्याला वाटतंय, आपणच कुठंतरी चुकतोय. इमारतीला नका सांगू, पण दादाला तरी जाऊन खरं सांगा."

मी गेलो. खरोखर सांगण्याच्या हेतूनेच गेलो होतो. मामांनी मला पाहून हातातला बूट खाली ठेवला.

"बरं झालं आलात, भावोजी. एक विचारायचं होतं. दोन हजार नऊशेला हा बूट मला कारखान्यातूनसुद्धा मिळत नाही. मी तीन ठिकाणी विचारून पाहिलं. ते कसे देतात? बाकीच्यांचं सोडा, तुम्ही घरचे. खरंच तेवढ्यालाच पडला?"

बाकावर मॅनेजरसाहेब टाच चोळीत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"तेवढ्यालाच," मी म्हणालो.

मामांनी खाली ठेवलेला बूट उचलून पुन्हा त्याच्या कार्डावर ठेवला. मला लाज वाटली. ती इतकी वाटली की मी जाताना एक पॉलिशची डबी विकत घेतली.

पण मामा मोजून-मापून चालणारे गृहस्थ. त्यांनी स्वतः फोन घेतला, तो तारा शोधला, तळाचा तारा शोधला, भिंगाने मजकूर वाचला आणि रीतसर तक्रार केली: सदर परदेशी विक्रेता करवगळून किंमत दाखवून ग्राहकांची दिशाभूल करीत आहे. किंमत नियंत्रण कार्यालयाने तक्रारीची दखल सात आठवड्यांत घेतली, म्हणजे त्यांच्या मानाने धावतच आले म्हणायचे. एक निरीक्षकबाई नेमण्यात आल्या. त्यांनी कळवले की दिशाभूल सिद्ध होण्यासाठी दिशाभूल झालेली किमान एक व्यक्ती आवश्यक आहे. तिने प्रत्यक्ष भरलेली एकूण रक्कम सर्वांसमक्ष सांगावी व सही करावी. सुनावणी आमच्या इमारतीच्या सभाखोलीत ठेवण्यात आली. इतिवृत्त लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

रविवारी सकाळी सभाखोली भरली. वार्षिक सभेला गणसंख्या होत नाही, त्या दिवशी जिन्यातही लोक होते. मामा पुढच्या खुर्चीत, मांडीवर भिंग घेऊन बसले होते. माझी पत्नी त्यांच्या शेजारी. सर्व रहिवाशांच्या पायांत तोच तपकिरी बूट होता. सभाखोली एखाद्या पलटणीसारखी दिसत होती.

"सगळ्यांनी मोकळेपणानं सांगा," निरीक्षकबाई म्हणाल्या. "एक जण बोलला तरी पुरे. त्यांना सगळ्यांचे जादा पैसे परत करायला लावता येतील."

सगळ्यांचे पैसे परत! खोलीत एक सूक्ष्म हालचाल झाली. मग प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे पाहिले आणि हालचाल थांबली.

"मॅनेजरसाहेब, आपण?"

"दोन हजार नऊशे नव्व्याण्णव," मॅनेजरसाहेब उभे राहून म्हणाले. "व्यवहार कसा करावा हे कळणाऱ्याला तेवढ्यालाच पडतो."

या वाक्यानंतर उरलेल्यांचा प्रश्नच मिटला. व्यवहार कळत नाही असे सर्वांसमक्ष कोण सांगणार? डॉक्टरबाई म्हणाल्या दोन हजार नऊशे नव्व्याण्णव. चौथा मजला एका सुरात म्हणाला दोन हजार नऊशे नव्व्याण्णव. पार्सलवाल्यालाही बोलावले होते. तो दारात उभा राहून सगळ्यांकडे पाहू लागला आणि सगळे छताकडे पाहू लागले. "मी पाकीट पोचवतो, बाई," तो म्हणाला. "आत काय असतं ते मला विचारू नका."

"आणि सचिव, आपण?"

मी मान खाली घालून लिहीत होतो. मान वर केली असती तर पत्नी दिसली असती, म्हणून केली नाही. लिहिता लिहिताच म्हणालो, "दोन हजार नऊशे नव्व्याण्णव," आणि तेही लिहून घेतले.

मामा उठून उभे राहिले. त्यांनी भिंग खिशात ठेवले आणि सवयीने निरीक्षकबाईंच्या पायांकडे पाहिले. तोच तपकिरी बूट.

"तुम्हाला केवढ्याला पडला, बाई?"

"दोन हजार नऊ..." बाई पटकन म्हणाल्या, आणि मग त्यांनी फाईल मिटली.

अहवाल यथावकाश आला. सचिव या नात्याने एक प्रत मला मिळाली. त्यात नमूद होते की एकूण एकवीस ग्राहकांनी जाहिरातीत दर्शविलेली रक्कमच भरल्याचे स्वाक्षरीनिशी सांगितले असल्याने दिशाभुलीचा आरोप निराधार आहे. इथेच थांबते तर बरे होते. परंतु अहवाल पुढे म्हणत होता की ज्याअर्थी या बुटाची बाजारातील सर्वमान्य किंमत दोन हजार नऊशे नव्व्याण्णव असल्याचे एकवीस साक्षीदारांनी सिद्ध केले आहे, त्याअर्थी स्थानिक दुकानदाराची चार हजार दोनशे ही किंमत अवाजवी ठरते. शिवाय कार्डावर सर्व कर धरून एकच मोठा आकडा लिहिल्याने ग्राहकाच्या मनात अकारण धास्ती निर्माण होते. सबब दुकानदाराने मागील तीन वर्षांच्या गिऱ्हाइकांना प्रत्येकी बाराशे एक परत करावेत. किंवा आंतरराष्ट्रीय प्रथेस अनुसरून करवगळता किंमत ठळकपणे लिहावी व बाकीचे खाली.

मामा कार्यालयात विचारायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. "बाकीचे म्हणजे काय काय लिहायचं?" त्यांनी विचारले.

"जे असेल ते," निरीक्षकबाई म्हणाल्या. "फक्त अक्षर बारीक हवं. किती बारीक ते जोडपत्र 'ब'मध्ये दिलंय. जोडपत्र 'ब' वाचायला त्रास झाला तर मागून घ्या, मोठ्या अक्षरांत पण आहे."

इमारतीत काही जणांनी बाराशे एकसाठी अर्ज तयार केले होते, हे मी गाळणार होतो. पण अर्जाचा नमुना मीच करून दिला होता, म्हणून नोंदवतो.

मामांनी पुढच्या शनिवारी सगळी पांढरी कार्डे काढली. बत्तीस वर्षांत प्रथमच दुकानाच्या काचेवर मोठा फलक लागला. तपकिरी जोड, दोन हजार नऊशे नव्व्याण्णव, आणि डोक्यावर तारा. सकाळी साडेनऊला रांग जिन्यापर्यंत आली होती. ज्यांच्या पायांत तोच बूट होता तेही रांगेत होते. मॅनेजरसाहेब पहिले. मी सातवा.

गल्ल्यावर माझी पत्नी बसली होती. तिने रुग्णालयातून दोन दिवसांची रजा घेतल्याचे मला तिथे कळले. मामांनी माझे माप घेतले नाही. "माहीत आहे," एवढेच म्हणाले आणि खोक्यासोबत बिल माझ्या हातात दिले.

बूट, दोन हजार नऊशे नव्व्याण्णव. सर्व कर, बाराशे एक. पंधरा वर्षे दोन्ही पाय उभे करून मोजल्याचे शुल्क, अडीचशे. बाकावर बसून विचार केल्याचे शुल्क, तीनशे. परक्याचे दोन जोड फर्म्यावर सैल केल्याचे शुल्क, चारशे एक. वरील सर्व गोष्टी इतकी वर्षे फुकट केल्याची तसदी, चोपन्न. एकूण पाच हजार दोनशे पाच.

हा आकडा माझ्या तोंडपाठ होता. मी पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "पावती मी दिली दादाला. सुनावणी झाली त्याच दिवशी."

"मग मामांनी ती कार्यालयात का नाही दाखवली?"

उत्तर मामांनी दिले. "बहिणीच्या नवऱ्याला सरकारदरबारी खोटा पाडू? मग तिनं त्या घरात कसं राहायचं?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

मी पैसे मोजले. रांगेत कोणीही कुरकुर केली नव्हती, मीही केली नाही. नव्या पद्धतीची आम्हाला आता सवय होती. खोके उचलणार, तोच मामांनी बिलाच्या तळावर बोट ठेवले. तिथे आणखी एक तारा होता. मात्र त्याच्यापुढची ओळ बारीक नव्हती. सगळ्या बिलात तीच एक ओळ मामांच्या जुन्या, ठसठशीत अक्षरात होती: 'बाहेर पडल्यावर जो पहिला किंमत विचारेल त्याला भरलेली पूर्ण रक्कम मोठ्याने सांगणाऱ्यास सूट, एक हजार पाच.'

"म्हणजे चार हजार दोनशेलाच पडेल," मामा म्हणाले. "पूर्वीसारखा. रोख परत देतो, इथंच, दारात."

त्यांनी गल्ल्यातून पैसे काढून हातात धरले आणि ते दारापर्यंत माझ्याबरोबर आले. माझी पत्नी गल्ल्यामागे उभी राहिली. मी पायरी उतरलो. समोर मॅनेजरसाहेब आपले खोके काखेत धरून उभे होते. त्यांना अजून सूट मिळालेली दिसत नव्हती.

"काय सचिव! घेतलेत वाटतं? केवढ्याला पडले?"

एक हजार पाच माझ्या पाठीमागे दोन हातांवर होते. मला फक्त आकडा बोलायचा होता. मी तो बोलणार होतो, हे मी शपथेवर सांगतो; 'पाच'मधल्या 'पा'साठी माझे ओठ मिटलेही होते. मागून डॉक्टरबाई येत होत्या. चौथा मजला रांगेत माना उंच करून पाहत होता.

"दोन हजार नऊशे नव्व्याण्णव," मी म्हणालो.

"मलाही तेवढ्यालाच," मॅनेजरसाहेब समाधानाने म्हणाले.

पाठीमागे गल्ला बंद झाल्याचा आवाज आला. मी वळून पाहिले नाही. पत्नी त्या दिवशी घरी आली तेव्हा तिने मला काहीही विचारले नाही, आणि अजूनही विचारत नाही.

मामांचे दुकान आता उत्तम चालते. भाडे वेळेवर जाते, फेब्रुवारी येऊन गेला, आसपासच्या चार गल्ल्यांतून लोक स्वस्त बुटांसाठी येतात. मामा मात्र कोणाला पट्टीवर उभे करीत नाहीत. बसूनच माप सांगा म्हणतात. ती सूट त्यांनी अजून काढलेली नाही. मी एकदा विचारले तर म्हणाले, "आजवर एकालाही द्यावी लागली नाही, भावोजी, मग चालू ठेवायला काय जातंय?"

असो. आपण हे सर्व शांतपणे वाचलेत, आभारी आहे. मघापासून मी पाहतो आहे, आपल्या हातातला फोन छान आहे. बाहेरून मागवला वाटते? केवढ्याला पडला?

सांगा की. मामा दारातच उभे आहेत.